सातारा, ता. सातारा, जि. सातारा

समजा, एका जिल्ह्यातील शाळांची यादी संगणकावर आपल्यापुढे आली आहे. कुणी ती जुन्या वहीवरून उतरवली, कुणी त्यात पुढे भर घातली आणि मध्येच कुणाला तरी वाटले, की गाव, तालुका, जिल्हा यांचे वेगळे रकाने असलेले बरे. रकाने वाढले, पण आधीचा पत्ता तसाच राहिला. अशा यादीतल्या चार ओळी पाहू. शाळा कल्पित आहेत, गावे मात्र खरी आहेत.

क्र. | पत्ता | गाव | तालुका | जिल्हा
१ | शनिवार पेठ, सातारा, ता. सातारा, जि. सातारा | सातारा | सातारा | सातारा
२ | स्टेशनजवळ, सातारारोड, ता. कोरेगांव, जि. सातारा | सातारारोड | कोरेगाव | सातारा
३ | मु. पो. कराड, जि. सातारा | कराड | कऱ्हाड | सातारा
४ | वाढे, साताऱ्याजवळ, जि. सातारा | वाढे | सातारा | सातारा

या यादीवरून पाकिटांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापल्या, तर पहिल्या शाळेच्या चिठ्ठीवर सातारा हा शब्द सहा वेळा येईल. पोस्टमनला हसू येईल, पण पत्र पोचेल. तेवढ्यावर भागत असते तर या विषयावर लिहिण्याचे कारण नव्हते. अडचण येते ती मोजदाद करताना आणि दुरुस्ती करताना. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली, की कधी ना कधी ती दोन ठिकाणी वेगवेगळी होते. तिसऱ्या ओळीत ती झालीच आहे : गाव कराड आणि तालुका कऱ्हाड! माणसाला ठाऊक असते, की ही एकाच नावाची दोन रूपे आहेत. संगणकाला तसे कुणी सांगितलेले नसते.

मग हा पुन्हा पुन्हा आलेला मजकूर काढायचा कसा? पहिला उपाय सर्वांनाच सुचतो. संगणकाला सांगायचे, ‘पत्त्याच्या रकान्यात जिथे जिथे सातारा हा शब्द दिसेल तिथे तो पुसून टाक.’ संगणक आज्ञाधारक असतो. क्षणात काम होते आणि पहिल्या ओळीत उरते ‘शनिवार पेठ, , ता. , जि. ’. स्वल्पविराम आणि टिंबे अनाथ झाली, हे फारसे बिघडले नाही. दुसऱ्या ओळीत मात्र ‘सातारारोड’चे झाले नुसते ‘रोड’. सातारारोड हे कोरेगाव तालुक्यातले वेगळे गाव आहे आणि ते आता पत्त्यातून नाहीसे झाले. उलट चौथ्या ओळीतील ‘साताऱ्याजवळ’ला धक्काही लागला नाही. मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते, हे आपण मुलांना व्याकरणाच्या तासाला शिकवतो. सातारा-साताऱ्याला, पुणे-पुण्याहून, ठाणे-ठाण्यात. संगणक अक्षरांची रांग जुळते का एवढेच पाहतो. त्यामुळे जे काढू नये ते त्याने काढले आणि जे काढायला हवे होते ते ठेवले.

दुसरा उपाय अधिक हुशारीचा दिसतो. शेजारच्या दोन रकान्यांत तोच मजकूर असेल तर उजवीकडचा रिकामा करायचा. यादी लगेच मोकळी आणि नीटनेटकी दिसू लागते. पहिल्या ओळीत गावाच्या रकान्यात सातारा राहते, तालुका आणि जिल्हा कोरे होतात. चौथ्या ओळीत गाव ‘वाढे’ आणि तालुका ‘सातारा’ हे वेगळे असल्याने तालुका टिकतो, फक्त जिल्हा जातो. आता या यादीवरून कुणी तालुकावार शाळा मोजल्या तर? सातारा शहरातली एकही शाळा सातारा तालुक्यात धरली जाणार नाही. तालुक्याच्या आकड्यावरून पुस्तकांचे गठ्ठे पाठवायचे असतील किंवा परीक्षेची केंद्रे ठरवायची असतील, तर त्या शाळांतल्या मुलांच्या वाट्याला काय येईल याची कल्पना शिक्षकांना करून द्यायला नको. आणि यादीकडे पाहून चूक कळणारही नाही, कारण ती आधीपेक्षा स्वच्छ दिसते!

येथे मुद्दा असा, की मजकूर सारखा असणे आणि माहिती सारखी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या ओळीत उजवीकडे तीन वेळा आलेला सातारा हा शब्द तीन निराळ्या प्रश्नांचे उत्तर आहे : शाळा कोणत्या गावात, ते गाव कोणत्या तालुक्यात आणि तो तालुका कोणत्या जिल्ह्यात? तिन्ही उत्तरे अक्षरशः सारखी आली, हा केवळ योगायोग. रायगड किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात असा योगायोग घडत नाही, कारण त्या नावाचा तालुकाच तेथे नाही. याउलट पत्त्याच्या शेवटी आलेले ‘जि. सातारा’ आणि शेवटच्या रकान्यातले ‘सातारा’ ही एकाच प्रश्नाची दोनदा दिलेली उत्तरे आहेत. खरी पुनरुक्ती ही. यातले एक काढले तरी काहीही गमावत नाही.

आता एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, ‘तालुका कळला की जिल्हा कळतोच. मग जिल्ह्याचा रकाना तरी कशाला हवा?’ प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर यादी केवढी आहे यावर अवलंबून आहे. एकाच जिल्ह्याच्या यादीत जिल्ह्याचा रकाना खरोखरच अनावश्यक आहे. तो मथळ्यात एकदा लिहिला की पुरे. पण यादी महाराष्ट्राची असेल तर? कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात आहे, तसा अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. मालेगाव नाशिक आणि वाशीम, आष्टी बीड आणि वर्धा, कारंजा वाशीम आणि वर्धा, कळंब धाराशिव आणि यवतमाळ. म्हणजे नुसत्या नावावरून तालुका ठरत नाही. ‘खेड’ एवढेच ठेवून जिल्हा काढून टाकला, तर सह्याद्रीच्या अलीकडचे खेड की पलीकडचे, हे पुन्हा कधीही कळणार नाही.

एका रकान्यातील नोंद कळली की दुसऱ्या रकान्यातील नोंद निश्चित होते का, हा प्रश्न नीट मांडून त्याचे शास्त्र उभे राहिले त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे गणिती. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करताना जून १९७० मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या माहितीसाठ्यांची रचना साध्या तक्त्यांच्या रूपात करावी आणि या तक्त्यांना गणितातील संबंधांचे नियम लावावेत, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्या काळी संगणकात माहिती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा जाळ्यासारखी गुंफून ठेवीत आणि ती शोधणाऱ्याला कोणत्या फांदीवरून कुठे जायचे हे ठाऊक असावे लागे. कॉड यांच्या कल्पनेला प्रथम फारसा प्रतिसाद मिळाला नाही. पुढे मात्र बँका, रेल्वे, विद्यापीठे अशा सर्वांचे व्यवहार याच तऱ्हेच्या तक्त्यांवर चालू लागले आणि १९८१ मध्ये कॉड यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

अनावश्यक पुनरुक्तीमुळे काय काय बिघडते, हे त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी फार नेमके दाखवून दिले आहे. विद्यार्थ्यांच्या एकाच मोठ्या तक्त्यात प्रत्येक मुलापुढे त्याचे गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला आहे असे समजा. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. हे नाव तीनशे ओळींत लिहिलेले असेल तर तीनशे ठिकाणी बदलावे लागेल, आणि दोनशे नव्व्याण्णव ठिकाणी बदलून एक राहिले तर तक्ता दोन जिल्हे दाखवील. दुसरे असे, की एखाद्या वाडीतून येणारा एकुलता एक मुलगा शाळा सोडून गेला आणि त्याची ओळ काढली, तर ती वाडी कोणत्या तालुक्यात आहे ही माहितीही त्याच्याबरोबर जाते. वास्तविक त्या माहितीचा मुलाशी काही संबंध नव्हता. तिसरे याच्या उलट : नवी वस्ती झाली, पण तेथून अजून कुणी शाळेत येत नाही. मग तिची नोंद करायची कुठे? उपाय म्हणजे गावांचा एक वेगळा छोटा तक्ता करायचा, त्यात प्रत्येक गाव एकदाच लिहायचे, त्याला एक क्रमांक द्यायचा आणि मुलांच्या तक्त्यात फक्त तो क्रमांक ठेवायचा. जिल्ह्याचे नाव बदलले तर एका जागी बदलते. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तसे तालुकेच्या तालुके दुसऱ्या जिल्ह्यात गेले तरी काम थोडक्यात आटपते.

मात्र एक सांभाळायला हवे. मुलाचे जन्मस्थळ ज्या रकान्यात लिहिले जाते तिथे आमच्या मते हा नियम आंधळेपणाने लावू नये. आज जिल्ह्याचे नाव काय आहे हा एक प्रश्न आणि प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरात काय लिहिले हा दुसरा. जुन्या नोंदीत अहमदनगर असेल तर ती नोंद त्या दिवशी बरोबरच होती.

आता थोडे अक्षरांकडे वळू, कारण मराठीत काम करणाऱ्याला येथे जी डोकेदुखी होते ती इंग्रजी पुस्तकांतून सहसा भेटत नाही. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. वाचताना आपण त्यात तीन अक्षरे मोजतो. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत मात्र प्रत्येक व्यंजन, काना, मात्रा आणि हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक असतो. त्यामुळे संगणक मोजतो : क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. एकूण सहा. पण हाच अर्धा ‘ऱ’ आणखी एका मार्गाने टंकित करता येतो. साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. मग तोच शब्द सात चिन्हांचा होतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत. तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये मजकुराची लांबी मोजणारे सूत्र असते. विद्यार्थ्यांकडून ते दोन्ही शब्दांवर चालवून घ्यावे. डोळ्यांना जे दिसत नाही ते आकड्यांत दिसते.

असे आणखी पुष्कळ चकवे आहेत. कोलनच्या जागी विसर्ग आणि विसर्गाच्या जागी कोलन टंकित करण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, हाही एक फरक. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा दिसत नाही, पण मोजली जाते. ती काढण्यासाठी ‘ट्रिम’ नावाचे सूत्र असते. एक्सेलमध्ये ते साधी मोकळी जागा काढते. दुसऱ्या दस्तऐवजातून मजकूर उचलताना कधी कधी न तुटणारी म्हणून एक वेगळीच मोकळी जागा बरोबर येते, ती मात्र तशीच राहते. ती निराळी शोधून बदलावी लागते.

आणि ‘कोरेगांव’वरचा अनुस्वार? तो टंकलेखकाचा निष्काळजीपणा नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले. जुन्या वहीतला ‘गांव’ आणि नव्या वहीतला ‘गाव’ यांच्यामध्ये तो बदल उभा आहे. पत्ता जुन्या वहीतून आला आणि तालुका नंतर लिहिला, हे दुसऱ्या ओळीवरून आपल्याला आयतेच कळते!

यावरून साफसफाईचा क्रम आपोआप ठरतो. पहिल्याने मूळ तक्त्याची प्रत काढून ती बाजूला ठेवावी आणि प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्यावा, म्हणजे ओळी मागेपुढे झाल्या तरी मूळ जागी आणता येतात. मग लेखनातील फरक एकसारखे करून घ्यावेत. हे मूळ रकान्यात न करता शेजारी नवा रकाना घेऊन त्यात करावे. कराड की कऱ्हाड, गांव की गाव, हे यादी करणाऱ्यांनी एकदा बसून ठरवावे. कोणतेही ठरवले तरी चालेल. दोन्ही चालू ठेवणे तेवढे टाळावे.

एवढे झाल्यावरच पुनरुक्तीला हात घालायचा, आणि तोही पुसून नव्हे तर खूण करून. प्रत्येक ओळीत पाहायचे, की पत्त्याचा अगदी शेवटचा तुकडा ‘, जि. ’ आणि जिल्ह्याच्या रकान्यातला मजकूर यांनी मिळून बनलेला आहे का? असेल तर ‘होय’, नसेल तर ‘नाही’. कुठेही येणारा सातारा शोधायचा नाही, शेवटी येणारे संपूर्ण ‘, जि. सातारा’ शोधायचे. या एका बंधनाने सातारारोड वाचते, कारण ते शेवटी नाही आणि त्याच्या आधी ‘जि.’ नाही. ‘होय’ असलेल्या ओळींतून तेवढा तुकडा कापावा. मग उरलेल्या पत्त्याच्या शेवटी ‘, ता. ’ आणि तालुका आहे का ते पाहावे, त्यानंतर स्वल्पविराम आणि गाव. हा क्रम उलटा करता येत नाही. उजवीकडून एकेक साल काढावी तसे हे काम आहे. पहिल्या ओळीचे अखेरीस ‘शनिवार पेठ’ उरते, दुसरीचे ‘स्टेशनजवळ’. तिसऱ्या ओळीत फक्त जिल्हा निघतो. तालुका त्या पत्त्यात नव्हताच आणि गावाच्या आधी ‘मु. पो.’ आहे, स्वल्पविराम नाही. चौथ्या ओळीतूनही फक्त जिल्हा जातो आणि ‘वाढे, साताऱ्याजवळ’ एवढे राहते. या दोन ओळी माणसाने पाहायच्या.

काम बरोबर झाले की नाही याची कसोटी गणितातल्या ताळ्यासारखी आहे. उरलेला पत्ता, त्यातून कापलेली नावे, स्वल्पविराम आणि ‘ता.’, ‘जि.’ यांची पुन्हा जुळणी करून नव्या रकान्यात पूर्ण पत्ता तयार करावा आणि तो लेखन एकसारखे केलेल्या पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर काढलेला मजकूर खरोखरच पुनरुक्ती होता, माहिती गेलेली नाही. भागाकार केल्यावर गुणाकार करून पाहण्याची शिस्त आपण चौथीच्या मुलाला लावतो. तक्ता साफ करणाऱ्या मोठ्या माणसांना ती लावणारे कुणी नसते, म्हणून ती स्वतःच लावून घ्यायची.

एवढे सांगून झाल्यावर पुनरुक्तीच्या बाजूनेही चार शब्द बोलायला हवेत. जनरल रजिस्टरात जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात. ही पुनरुक्ती मुद्दाम केलेली आहे. एका अंकाचे वळण फिरले, शाई फुटली किंवा कुणी हात चालवला, तर अक्षरी नोंद साक्षीला असते. धनादेशावरची रक्कमही अशीच दोनदा लिहितात, आणि १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने तर दोहोंत फरक आढळल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी असे सांगून ठेवले आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील मराठी अधिकाऱ्याची योजना होती. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक लिप्या, यांतून वाट काढण्यासाठी हे सहा अंक आले. तरीही पाकिटावर आपण गावाचे नाव लिहितोच. एक अंक चुकला तर नाव सांभाळून घेते, नाव पुसले तर अंक सांभाळतात. शाळेच्या अकरा अंकी यूडायस क्रमांकातही पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, नंतरचे दोन तालुक्याचे असतात. म्हणजे शेजारी जिल्ह्याचा रकाना असेल तर तीच माहिती दुसऱ्या वेशात पुन्हा आलेली असते. असा रकाना काढण्याआधी त्याचा एक उपयोग करून घ्यावा : क्रमांकातील जिल्हा आणि रकान्यातील जिल्हा जुळत नाहीत अशा ओळी वेगळ्या काढाव्यात. त्यातल्या बहुतेक ओळींत काहीतरी चुकलेले असते.

तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये सारख्या ओळी काढून टाकणारी एक तयार आज्ञाही असते. तिच्याबद्दल शिक्षकांनी विशेष सावध राहावे. आपण जे रकाने निवडू तेवढेच ती पाहते, सारख्या आढळलेल्या ओळींपैकी पहिली ठेवते आणि बाकीच्या काढून टाकते. किती ओळी काढल्या ते ती सांगते, कोणत्या काढल्या ते सांगत नाही. एका वर्गात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेली दोन मुले असणे आपल्याकडे मुळीच अशक्य नाही. नेमके हेच तीन रकाने निवडले तर त्यातला दुसरा मुलगा शिष्यवृत्तीच्या यादीतून गुपचूप बाहेर पडेल. जनरल रजिस्टरचा क्रमांक निवडीत घेतला तर ही दोन मुले दोनच राहतील. मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. ही मुले शाळेत येऊ लागली, की आणखी एक ओळखीची खूण नावातच मिळेल. मात्र तेव्हा जुन्या तीन शब्दांच्या आणि नव्या चार शब्दांच्या नावांची सरमिसळ झालेले तक्ते आपल्यापुढे येतील, आणि दुसरा शब्द आईचा की वडिलांचा हे त्या शब्दाकडे पाहून ठरवता येणार नाही.

हे सारे वर्गात शिकवायला संगणक लागतोच असे नाही. मुलांकडून आपापले पूर्ण पत्ते कागदावर लिहून घ्यावेत आणि फळ्यावर गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड असे रकाने आखावेत. मग एकेक रकाना हाताने झाकून विचारावे, उरलेल्यांवरून हा भरून काढता येईल का? काही रकाने काही मुलांच्या बाबतीत येतील, काहींच्या बाबतीत येणार नाहीत, आणि वर्गात भांडणे लागतील. एकाच पिनकोडाची चार गावे निघतात, तेव्हा तर हमखास लागतात.